जुनी कार घेताना आणि डीलरकडे दुरुस्तीला देताना या चुका टाळा

सोयाबीनचे पैसे हाती आले, कापसाची पहिली वेचणी विकली, की आपल्याकडे विदर्भात घरोघरी जुन्या कारचा विषय निघतो. आईवडील थकलेले, दवाखाना तालुक्याला, पोरांचं कॉलेज जिल्ह्याला. गरज खरी असते. गाडी मात्र नागपूर-अमरावतीहून येते आणि बिघडली की तिथंच परत न्यावी लागते. शहरातला माणूस डीलरच्या दारात रोज जाऊन उभा राहू शकतो. घाटंजीच्या किंवा अहेरीच्या माणसाचा त्यात अख्खा दिवस जातो, हे डीलरला पक्कं ठाऊक असतं. "पुढच्या हप्त्यात आना भाऊ, करून देतो," हे वाक्य त्याच भरवशावर निघतं.

आपली सगळ्यात मोठी चूक म्हणजे शब्दावर व्यवहार. बैलबाजारात शब्द चालतो, कारण विकणारा पुढच्या बाजारी तिथंच भेटतो. गाडी विकणारा तसा भेटत नाही. सहा महिन्यांची वॉरंटी, नवी क्लच प्लेट, इंजिनाला हात न लागल्याची खात्री, जे काही तोंडी सांगितलं जातं ते सगळं पावतीवर लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. वॉरंटीत इंजिन आणि गिअरबॉक्स एवढंच येतं की एसी आणि वायरिंगही, हे वेगळं लिहायला लावा. लिहून द्यायला डीलर कचरत असेल तर त्याच्या शब्दाची किंमत तिथंच कळते.

तापलेली गाडी पाहू नका

"गाडी एक नंबर हाय भाऊ, डोये झाकून घेऊन जा." असं म्हणत डीलर गाडी चालू करूनच ठेवतो. आधी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहा. गरम लागलं तर चहा घ्या, गाडी निवू द्या. थंड इंजिन लपवाछपवी करत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आत शिरत असण्याची शक्यता मोठी. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ लोणी दिसलं तर मात्र सौदा तिथंच सोडा.

चावी अर्धी फिरवल्यावर चेक इंजिन, एअरबॅग आणि एबीएसचे (ब्रेक यंत्रणेचे) दिवे लागायला हवेत. एअरबॅग आणि एबीएसचे काही क्षणांत विझतात, चेक इंजिनचा गाडी सुरू झाल्यावर विझतो. नंतर विझत नसेल तर बिघाड आहे, हे सगळ्यांना कळतं. पण दिवा मुळात लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, आणि फसवणूक नेमकी इथं होते. एअरबॅगच्या दिव्याकडे विशेष लक्ष द्या, कारण अपघातात फुटलेल्या एअरबॅग पुन्हा न बसवताच गाडी विकायला उभी राहिलेली असते.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, तो फिरवता येतो. क्लच-ब्रेकच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर तीस हजार दाखवतोय, तर उत्तर समोरच आहे. टायरवर कारखान्याचा चार अंकी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सगळ्या काचांवरच्या खुणा जुळतात का, तेही बघा. एकच काच वेगळ्या सालची निघाली तर ती का बदलली, हे विचारायलाच हवं. गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इतिहास मागा. खरी नोंद तिथं सापडते.

एसी दुपारी, गाडी उभी असताना तपासा. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. सकाळी सातला एसी कोणत्याही गाडीचा थंडच लागतो.

पुरातली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलावाचं पाणी नागपूरच्या वस्त्यांत शिरलं, तेव्हा दारापुढच्या कित्येक गाड्या बुडाल्या. पूर वर्धा-वैनगंगेच्या काठालाही येतात. बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून चकचकीत करता येते. सीटबेल्ट कोणी धूत नाही. तो शेवटापर्यंत बाहेर ओढा. गुंडाळीच्या आतल्या भागावर गाळाची फिकट रेघ दिसली, बोटाला बारीक माती लागली, तर पाणी सीटपर्यंत चढलं होतं. मग डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीचा खड्डा पाहा, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज पाहा. अशा गाडीचं वायरिंग पुढची दोन वर्षं एकेक करून बोलतं, आणि ते कुठल्याच वॉरंटीत बसत नाही.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या त्या गावांत, गाड्या तापण्याची तक्रार फार. आमच्या ओळखीतल्या एका शेतकरी दादांची डिझेल कार घेतल्यापासून चढावर तापायची. डीलरने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग पंखा, मग हेडगॅस्केट. दर वेळी बिल, आणि दर वेळी महिनाभरात तेच. शेवटी तालुक्याच्या मिस्त्रीने थंड गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडलं. आतल्या नळ्यांच्या तोंडाशी पांढरा खडा धरला होता आणि पाणी चहासारखं तांबूस. आधीचा मालक वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत होता, आणि डीलरकडे कोणी आत डोकावूनही पाहिलं नव्हतं.

खाऱ्या आणि जड पाण्याने क्षार साचून नळ्या बारीक होतात, उष्णता बाहेर पडत नाही आणि इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड आतून झिजायला लागतं. तेव्हा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही. जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात रेडिएटर धुऊन घ्या. झाकण मात्र गरम असताना कधीच उघडू नका, तोंड भाजतं.

उंदरांचंही इथंच सांगतो. कुटार-ढेपेजवळ गाडी उभी असेल तर पावसाळ्यात वायरी कुरतडल्या जातात आणि आपण दोष डीलरला देत बसतो. गाडी सुरू होत नसेल तर आधी बॉनेट उघडा.

बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी घेणार असाल तर आपला वापर तपासा. तिच्या सायलेन्सरमधला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वच्छ व्हायला मोकळ्या रस्त्यावर सलग वेगाने धाव लागते. घर ते शेत आणि शेत ते बसस्टँड एवढंच चालवलं तर तो चोंदतो आणि दुरुस्ती महाग पडते. अशा वापराला पेट्रोलच बरी.

दुरुस्तीला देताना

चेक इंजिनचा दिवा लागला की गावात बॅटरीचं टर्मिनल काढून तो घालवायची सवय आहे. असं करू नका. टर्मिनल काढलं की बऱ्याच गाड्यांच्या मेमरीतला बिघाडाचा कोड पुसला जातो. मग एवढ्या लांब नेलेल्या गाडीत वर्कशॉपला काहीच सापडत नाही आणि "गाडी ओके आहे" म्हणून परत मिळते. त्याऐवजी दिव्याचा फोटो काढा, आवाजाचा व्हिडिओ घ्या, आणि थंड की गरम, चढाव की सपाट, किती वेगाला, हे लिहून न्या.

कोणता पार्ट बदला हे आपण सांगू नये. लक्षण सांगावं. "सेन्सर बदला" म्हटलं की सेन्सर बदलून बिल मिळतं, बिघाड तसाच राहतो. कोड बिघाडाची दिशा दाखवतो, बिघाड नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड हवेच्या फाटक्या पाइपामुळेही येऊ शकतो. कोड वाचल्यावर पुढे काय तपासलं, ते विचारा.

जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्या आणि एक प्रत ठेवा. अंदाजपत्रक लेखी असू द्या, आणि न विचारता त्यापेक्षा जास्त काम करू नका असंही लिहा. काढलेले जुने पार्ट मागून घ्या. गाडी परत घेताना मिस्त्रीला शेजारी बसवून, ज्या चढावर त्रास होतो तसल्याच चढावर चालवा. फाटकातून बाहेर पडल्यावर केलेल्या फोनला फारसं वजन नसतं.

कागद

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते पाहायला मागा. हस्तांतरणाला नमुना २९ आणि ३०, कर्ज असेल तर नमुना ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र. परराज्यातली गाडी असेल, आणि पांढरकवडा-राजुऱ्याकडे तेलंगणाच्या गाड्या भरपूर येतात, तर नमुना २८ (तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र) आणि इथला रोड टॅक्स धरून हिशेब करा. स्वस्त वाटलेली गाडी तिथं महाग होते. विम्यावर नाव बदलायला १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. नाव जुन्याच मालकाचं राहिलं तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

डीलर टाळाटाळ करत असेल तर

फोन पुरे करा. तारखा आणि जॉबकार्डचे नंबर घालून पत्र लिहा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी नागपूरला घेतलेली असली तरी यवतमाळच्या माणसाला यवतमाळात दाद मागता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

एक काळजी घ्या. वैतागून गाडी दुसरीकडे खोलायला देण्याआधी दुसऱ्या जाणकाराकडून, शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून, तपासणीचा लेखी अहवाल घ्या आणि बिघडलेल्या भागाचे फोटो काढून ठेवा. इंजिन एकदा दुसऱ्याने उघडलं की डीलर आयोगापुढे सगळा दोष त्याच्यावर ढकलतो.