म्हैसूर ते कोडाईकॅनॉल: घाटवाटांचा प्रवास कसा आखावा

म्हैसूर, उटी, मुन्नार आणि कोडाईकॅनॉल अशी आखणी करताना अंतरापेक्षा वेळेचा हिशेब आधी करावा, कारण घाटात ताशी तीस किलोमीटरची सरासरी साधली तरी पुष्कळ झाले. म्हैसूरहून पहाटे निघणे उत्तम. मात्र बंदीपूरच्या जंगलातील महामार्ग रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, हे विसरू नये. मसिनगुडीहून कल्लट्टीमार्गे उटीला चढणारा रस्ता जवळचा असला, तरी त्यावर ३६ तीव्र वळणे आहेत. नवख्या चालकाने गुडलूरचा लांबचा रस्ताच धरावा. उटी आणि कोडाईकॅनॉल येथे बाहेरील वाहनांसाठी मे २०२४ पासून ई-पास लागू झाला असून त्याची ऑनलाइन नोंदणी निघण्यापूर्वीच करावी.

उतारावर इंजिनालाच गाडी रोखू द्यावी, म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये राहून ब्रेक अधूनमधून दाबावा. सतत पाय ठेवल्यास ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल दबूनही गाडी आवरत नाही. असा वास आलाच तर रुंद जागी थांबून चाके आपोआप निवू द्यावीत, त्यांवर पाणी ओतू नये.

कुन्नूर, मेट्टुपाळयम, उदुमलपेट, चिन्नार, मरयूर अशा मार्गाने मुन्नार गाठावे. मुन्नारजवळचे एरविकुळम उद्यान पाहायचे असल्यास फेब्रुवारी-मार्च टाळावा, कारण नीलगिरी ताहर या रानबकऱ्याच्या विणीच्या काळात ते बहुधा बंद असते. पुढे बोडी, बत्तलगुंडूमार्गे कोडाईकॅनॉलला जाता येते. त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये.