टीआय-८४ वर जास्तीत जास्त क्षेत्रफळ कसं काढायचं

भिंतीला लागून आयताकृती वाफा करायचाय. भिंतीकडची बाजू मोकळी, उरलेल्या तीन बाजूंना मिळून ६० मीटर जाळी. क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती?

आयबी डिप्लोमाच्या (बारावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) कॅल्क्युलेटर चालणाऱ्या पेपरात असं गणित टीआय-८४ प्लस या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर सोडवता येतं, पण समीकरण आपणच मांडायचं. भिंतीशी काटकोनात येणारी बाजू एक्स धरा. अशा बाजू दोन, म्हणून समोरची बाजू ६० − २एक्स आणि क्षेत्रफळ एक्स(६० − २एक्स). दोन्ही लांब्या शून्याहून मोठ्या हव्यात, म्हणजे एक्स ० ते ३० मध्ये. हा पल्ला कागदावर लिहून ठेवा.

आता ‘वाय=’ दाबून समीकरण भरा. कंस विसरलात तर ६०एक्स − २एक्स, म्हणजे ५८एक्स होतं; पडद्यावर सरळ रेघ येते, शिखरच नसतं. वजाबाकीला उजव्या रांगेतली वजाची कळ वापरा. खाली कंसातलं वजाचिन्ह आहे ते ऋण संख्येसाठी. ते दाबलंत तर एरर येते. वर ‘प्लॉट १’ काळा दिसत असेल तर तोही बंद करा.

‘विंडो’त एक्स ० ते ३०, वाय ० ते ५००. बहुतेकांचं अडतं ते इथे. नेहमीच्या −१० ते १० च्या चौकटीत मधोमध जवळजवळ उभी रेघ तेवढी दिसते, कारण शिखर ४५० वर आहे. वायचा अंदाज येत नसेल तर एक्सचा पल्ला भरून ‘झूम’मधला ० दाबा, उंची तो स्वतः बसवतो.

मग ‘सेकंड’, ‘ट्रेस’, आणि यादीतला ४ (मॅक्सिमम). डावी हद्द १०, उजवी २०, अंदाज १५. प्रत्येक आकड्यानंतर ‘एंटर’. बाणांनी कर्सर सरकवत बसण्यापेक्षा आकडे टाइप करणं बरं. हद्दी उलट भरल्यात तर एरर. उत्तर एक्स = १५, वाय = ४५०. कधी १४.९९९९९८ असं काही दिसेल. तो शिखर जवळ जवळ जात शोधतो म्हणून. उत्तरपत्रिकेत १५ मीटर आणि ४५० चौरस मीटर लिहा.

आता भिंतच २० मीटर असली आणि वाफा तिच्यापुढे न्यायचा नसला तर? १५ घेतल्यावर समोरची बाजू ३० येते, भिंतीहून लांब. कॅल्क्युलेटर तरीही १५ च सांगणार, त्याला भिंत दिसत नाही. ६० − २एक्स २० पेक्षा जास्त नको, म्हणून एक्स निदान २०. वीसच्या पुढे आलेख उतरताच आहे, म्हणजे सर्वांत मोठी किंमत टोकावर. त्याच यादीतला १ (व्हॅल्यू) निवडून २० भरा: ४०० चौरस मीटर. वाफा चौरस झाला खरा, पण तो भिंत २० मीटरची म्हणून.