मृत समुद्र आणि वादी रम एकाच ट्रिपमध्ये? बॅग अशी भरा

जॉर्डनच्या ग्रुप टूरमध्ये मृत समुद्रात तरंगून झालं की बरेचदा बस सरळ वादी रमच्या वाळवंटाकडे निघते, ४ तास तरी लागतात, आणि ओले खारट कपडे बॅगेत कोंबले की बाकीच्या कपड्यांचीपण वाट लागते. त्यात बेदुइन (वाळवंटातले भटके अरब) लोकांचा मुक्कामाचा कॅम्प आत वाळवंटात, बस गावापाशीच थांबते आणि पुढे जीप, मग मोठ्या बॅगा चढवता चढवता सगळ्यांचाच खोळंबा.

१. आदल्या रात्रीच प्रत्येकाने छोटी सॅक वेगळी भरा: स्वेटर, कानटोपी (रात्री चांगलंच गार पडतं), टॉर्च, पॉवरबँक, औषधं. मोठी बॅग ड्रायव्हरला विचारून बसच्या डिकीतच ठेवा.
२. पोहायचे कपडे तिथल्याच शॉवरखाली खळखळून, पिळून झिपच्या पिशवीत. कॅम्पवर पोचल्या पोचल्या वाळत घाला, हवा कोरडी असते, पटकन वाळतात.
३. साध्या पाण्याची बाटली किनाऱ्यावर कुणाच्या तरी हातात हवीच, डोळ्यात थेंब गेला तर लगेच धुता येतो.

आणि आदल्या दिवशी दाढी, वॅक्सिंग अजिबात नको, पाण्यात ३४ टक्क्यांच्या आसपास क्षार आहेत, बारीकसा ओरखडासुद्धा जाम चुरचुरतो.