टपावर सामान न्यायचंय? पेटी सगळ्यात शेवटी निवडा

टपावरची पेटी घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "किती लिटरची?" दुकानदारालाही हाच प्रश्न हवा असतो, कारण मोठा आकडा सांगितला की गिऱ्हाईक खूश. खरं तर लिटर सगळ्यात शेवटी बघायचे. आधी गाडीचा टप किती वजन झेलतो ते बघा, मग त्या टपावर आडवे बार कशाच्या आधारानं बसणार ते, आणि त्यानंतर त्यावर काय ठेवायचं ते. क्रम उलटा केला की पैसे वाया जातात. नशीब वाईट असेल तर घाटाच्या वळणावर पेटी मागच्या गाडीच्या काचेवर जाते.

मुळात गरज आहे का

चौघांचं कुटुंब, पाच सीटची गाडी आणि मालवणात दोन रात्री, एवढ्यासाठी टपावर काही नको. कडक सुटकेस घरी ठेवा, मऊ बॅगा घ्या, सगळं डिकीत बसतं. खरी अडचण सहा-सात माणसांची. अर्टिगाची तिसरी रांग भरली की मागं 209 लिटरची डिकी उरते, ट्रायबरमध्ये तर 84 लिटर. त्यात आजीची औषधांची पिशवी, पोरांचं क्रिकेटचं सामान आणि "असू दे, लागतीलच" म्हणून दिलेल्या चार चादरी. अशा वेळी टप वापरावाच लागतो.

वजनाचा हिशेब

गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल काढा आणि त्यात टपावरच्या भाराचा आकडा शोधा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना तो 50 ते 75 किलोच्या दरम्यान असतो, काहींना त्याहूनही कमी. शोरूममधल्या पोराला विचारू नका, तो "शंभर किलो आरामात" म्हणून मोकळा होतो.

हा आकडा नुसत्या सामानाचा नसतो. बार आणि पेटीसुद्धा त्यातच धरायची. टपाची मर्यादा 50 किलो, बार 5 किलोचे आणि पेटी 15 किलोची असेल तर सामानाला 30 किलो उरले. म्हणजे कपड्यांच्या दोन मोठ्या बॅगा आणि वर थोडं अंथरूण. बारवर 75 किलो लिहिलंय, पेटीवर 50 लिहिलंय, असं दाखवून कुणी समजूत घालायला लागला तर ऐकू नका. टप, बार आणि पेटी या तिघांत ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तोच खरा.

काही दुकानदार स्वतः टपावर उभे राहून दाखवतात. "बघा, सत्तर किलोचा माणूस उभाय!" उभ्या गाडीचा टप चालत्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त भार पेलतो. मॅन्युअलमधला आकडा मात्र खड्डे, ब्रेक आणि वळणं धरून दिलेला असतो. नागमोडी घाटात टपावरचं वजन गाडीला वळणाच्या बाहेरच्या बाजूला ओढतं, ते दुकानाच्या दारात कसं कळणार?

येतानाचा हिशेब जाण्याआधीच करून ठेवा. कोल्हापूरचा माणूस मे महिन्यात कोकणातून रिकाम्या हातानं परतत नाही. पाच डझनांची पेटी, आंबा अडीचशे ग्रॅमचा धरला तरी 15 किलो. अशा दोन पेट्या टपावर चढवल्या की तुमचे 30 किलो संपले. आंबे डिकीत तळाला ठेवा आणि कपडे वर जाऊ देत.

आडवे बार: सगळा घोळ इथंच होतो

मला या सगळ्यात जास्त झगडायला लागलं ते इथं, आणि चुकीचे सल्लेही इथंच सगळ्यात जास्त मिळतात. बार म्हणजे दोन नळ्या, कुठल्याही चालतात, असं लोक धरून चालतात. नळ्या खरंच कुठल्याही चालतात. प्रश्न त्यांच्या पायांचा आहे, आणि पाय टपाला कुठं धरणार ते गाडीगणिक वेगळं असतं.

गाडीजवळ जा आणि रेल, म्हणजे टपाच्या दोन्ही कडांना लांबीनं बसवलेल्या दांड्या, आणि टप यांच्यामध्ये बोटं घालून बघा. बोटं आरपार गेली तर रेल उचललेला आहे आणि त्याला पकडणारे बार सहज मिळतात. बोटं जात नसतील तर रेल टपाला चिकटून बसलाय. त्याला वेगळे पाय लागतात, आणि दुकानातले "युनिव्हर्सल" म्हणून विकले जाणारे बार त्याला बसत नाहीत. बसवलेच तर नुसते वरून दाबून बसतात.

बोटं गेली म्हणून लगेच खूश होऊ नका. आजकालच्या अनेक गाड्यांवरचे रेल निव्वळ शोभेचे असतात. प्लास्टिकचे, क्लिपांवर किंवा चिकटपट्टीवर बसवलेले. दिसायला अगदी दणकट, हलवून बघितलं तरी हलत नाहीत, आणि मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की रेलवर भार ठेवू नये. ते वाक्य सापडलं तर विषय संपला. "आम्ही कितीतरी गाड्यांना बसवून दिलंय" हे तुमच्या गाडीला लागू होत नाही. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरिअंटला रेल नाही, मधल्याला शोभेचा, असंही असतं, त्यामुळं शेजाऱ्याच्या गाडीवर चाललं म्हणून तुमच्या गाडीवर चालेलच असं नाही. याउलट ट्रायबरसारख्या काही गाड्यांचे रेल 50 किलोपर्यंत भार घेतील असं कंपनीच सांगते.

रेलच नसतील तर दरवाजाच्या चौकटीत आकडा (हूक) अडकवून बसणारे पाय मिळतात. हे उत्तम काम करतात, पण किट तुमच्याच मॉडेलचं आणि तुमच्याच वर्षाचं हवं. दुसऱ्या मॉडेलचा आकडा "थोडा वाकवून बसवतो" म्हणणाऱ्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडा. वाकवलेला आकडा दाराच्या रबराला कापतो, पावसात तिथून पाणी आत येतं, आणि जोराच्या वाऱ्यात पहिला सुटतो तोही तोच. जुन्या ओम्नीसारख्या गाडीला टपाच्या कडेनं पन्हाळी असते, तिच्यावर पाय बसवणं सगळ्यात सोपं.

बसवताना पायाखालचं रबर आणि टप दोन्ही ओल्या फडक्यानं पुसून घ्या. रबराखाली धुळीचे कण राहिले की एका सहलीत रंगावर चार गोल ओरखडे पडतात. पुढचा बार काचेपासून किती सेंटिमीटरवर हे किटच्या कागदावर दिलेलं असतं. ते अंतर टेपनं मोजा, नजरेनं नको. एकदा जागा ठरली की दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला खूण करून ठेवा, पुढच्या वेळी अर्धा तास वाचतो. स्क्रू आवळताना एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडं जाऊ नका. थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं असं करत या. जोर लावून आवळणाऱ्या गड्याच्या हातात ॲलन की (स्क्रू आवळायची षटकोनी किल्ली) देऊ नका, टपाचा पत्रा अंगठ्यानं दाबला तरी दबतो इतका पातळ असतो.

आता परीक्षा. बार मधोमध धरून जोरात हलवा. अख्खी गाडी डुलली आणि बार टपावरून तसूभरही सरकला नाही तर काम झालं. बार सरकला, करकरला, तर पुन्हा पहिल्यापासून.

यानंतरची सूचना कुणीच पाळत नाही. पहिल्या 50 किलोमीटरला थांबून चारही पाय पुन्हा आवळायचे. रबर दबतं, आकडा आपली जागा घेतो, आणि स्क्रू थोडा ढिला पडतोच. आपल्या कोल्हापूरकरांसाठी हे सोयीचंच आहे: कोल्हापूर ते गगनबावडा साधारण 55 किलोमीटर, तिथं चहाला थांबायचंच असतं, आणि खरा घाट तिथून पुढं सुरू होतो. फोंडा घाटानं जाणार असाल तर राधानगरीला थांबा.

पेटी, बॅग की लोखंडी कॅरिअर

वर्षातून दोन-तीन सहली आणि सामानात फक्त कपडे-अंथरूण असेल तर बॅग घ्या. जाड ताडपत्रीसारख्या कापडाची, शिवणी शिवलेल्या नसून उष्णतेनं जोडलेल्या, आणि चेनवर झाकणारी रुंद पट्टी असलेली. "वॉटरप्रूफ" हे लेबल कापडाबद्दल बोलतं, पाणी आत येतं ते चेनमधून आणि सुईच्या भोकांतून. विकत घेतल्यावर आत वर्तमानपत्र पसरा, चेन लावा आणि अंगणात दहा मिनिटं पाइप धरा. कागद ओला झाला तर परत करा. गगनबावड्याच्या पावसात शिरून मग हे तपासायचं नसतं. गाडीवर ठेवताना चेनचं तोंड मागं करा.

बारशिवाय, पट्टे दारांतून ओढून बांधायच्या बॅगा मिळतात. उन्हाळ्यात चालतील. पावसात पट्ट्यावरून पाणी थेंबथेंब उतरत मागच्या सीटवर बसलेल्याच्या खांद्यावर येतं. पट्टा ताणताना त्याला एक पीळ द्या, नाहीतर हायवेला तो भुंग्यासारखा गुणगुणतो आणि कोगनोळी टोलनाक्यापर्यंत सगळ्यांची डोकी उठतात.

वरचेवर जाणाऱ्यांनी पेटी घ्यावी. पाऊस आत येत नाही, कुलूप लागतं, बांधाबांध नाही. पण आकाराकडं नीट बघा. स्वीडनच्या थुलेसारख्या कंपन्यांनी लांबट, निमुळत्या पेट्या काढल्या त्या बर्फावरच्या स्की मावाव्यात म्हणून. आपल्याला त्या लांबीचं काय करायचंय? आखूड, रुंद आणि उंच पेटी घ्या, त्यात बॅग आडवी बसते आणि डिकीचं दार पेटीला अडत नाही. एकाच बाजूनं उघडणारी असेल तर ती डावीकडून उघडायला हवी. आपण रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावतो. उजवीकडून उघडणारी पेटी म्हणजे ट्रकच्या वाटेत उभं राहून टॉवेल शोधणं.

लोखंडी कॅरिअरबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नळी कापून, वेल्डिंग मारून दिवसात कॅरिअर करून मिळतो, काम पक्कं असतं, पैसेही कमी लागतात. पण बनवणारा त्याचं वजन कधीच सांगत नाही. घेण्याआधी काट्यावर घालायला लावा. 20 किलो भरला तर 50 किलोच्या टपावर तुमच्या हाती उरलं किती? शिवाय टपाला भोकं पाडून कॅरिअर ठोकून घेणं म्हणजे गंजाला आमंत्रण, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, ती कटकट वेगळी. काढता-घालता येणाऱ्या गोष्टीच घ्या. सामान गाडीच्या अंगाबाहेर लटकवू नका. भार ठरलेल्या मर्यादेपलीकडं बाजूला, पुढं-मागं किंवा उंचीला गेला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 खाली दंड 20,000 रुपयांचा आहे.

पैसे देण्याआधी दोन मापं

डिकीचं दार पूर्ण उघडा आणि त्याची वरची कड टपाच्या किती पुढं येते ते मोजा. पेटीची मागची कड त्याच्या पुढं राहिली पाहिजे. पेटी पुढं सरकवूनही जमत नसेल आणि तोंड समोरच्या काचेवर यायला लागलं तर लहान पेटी घ्या, खालून शिरणारी हवा पेटी उचलते. सनरूफवाल्यांनी बार बसवल्यावर काच उघडायचा नाद सोडावा, अनेक गाड्यांत ती वर उचलून सरकते आणि बारला धडकते.

दुसरं माप उंचीचं. 1.69 मीटरची अर्टिगा, त्यावर बार आणि पेटी मिळून अर्धा मीटर, म्हणजे जवळजवळ 2.2 मीटर. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी 2.1 मीटरची पाटी असते. एकूण उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा, रात्री अकराला लॉजवर पोचल्यावर कुणाला आठवत नाही.

भरणं आणि चालवणं

जड वस्तू मध्ये, दोन्ही बारांच्या दरम्यान, हलकं टोकांना. गॅसची टाकी, स्टोव्ह, रॉकेल टपावर नाही म्हणजे नाही.

हायवेला 80 च्या पुढं जाऊ नका. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 60 वरून 90 वर गेलात की तो सव्वादोन पट होतो, आणि तो सगळा पेटी सोसते, तुमचं पेट्रोलही. मुक्कामाला बॅग असेल तर ती खोलीत न्या, कापडाला ब्लेड पुरतं.

घरी आल्यावर पेटीच नाही, बारही काढा. रिकामे बारसुद्धा शिट्टी वाजवतात आणि पेट्रोल खातात. पेटी गच्चीवर उन्हात पालथी टाकू नका, प्लास्टिक वाकतं आणि मग झाकण बसत नाही. जिन्याखाली भिंतीला टेकवून उभी ठेवा. ॲलन की आणि किल्ल्या मात्र पेटीत ठेवू नका, डॅशबोर्डच्या खणात ठेवा. पेटी उघडायला आधी किल्लीच लागते.