बास्केटबॉल क्लबचा इतिहास जुळवायचाय? ट्रॉफ्या नंतर मोजा, आधी हॉल शोधा

एखाद्या क्लबचा इतिहास काढायला बसलो की आपण सगळे एकच करतो, ट्रॉफ्या किती, मोठे प्लेअर कोण, कोच कोण, आणि झालं. मीपण तेच करायचो. पण जुन्या अमेरिकन क्लबांच्या बाबतीत याने डोक्याचा नुसता भुगा होतो, कारण टीम शहर बदलते, नाव बदलते, एक टीम गेली की त्याच शहरात दुसरी येऊन बसते, आणि मग कुठला रेकॉर्ड कोणाचा याचा पत्ताच लागत नाही. म्हणून हल्ली मी उलटं करतो. क्लब कुठल्या सालात कुठल्या हॉलमध्ये खेळत होता ते आधी काढतो, मग बाकीचं आपोआप जागेवर बसत जातं.

उदाहरणाला वॉरियर्स घेऊ. आज ज्यांना गोल्डन स्टेट वॉरियर्स म्हणतात ते. मुद्दाम हेच घेतोय कारण यांच्याइतका घरांचा गोंधळ फार कमी जणांनी घातलाय, एकदा हे जमलं की बाकीचे क्लब सोपे वाटतात.

आधी एक वही घ्या किंवा शीट उघडा. रकाने पाचच: साल, शहर, हॉल, त्या हॉलचं *तेव्हाचं* नाव, आणि हॉल कोणाच्या मालकीचा. शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि तिथेच चुकतं, कारण क्लब घर का सोडतो याचं उत्तर नव्वद टक्के वेळा तिथेच असतं. भाडेकरू आहे की मालक, एवढं कळलं तरी अर्धी गोष्ट कळली.

सुरुवातीलाच बघा ना. 1946 मध्ये बीएए नावाची लीग निघाली (1949 मध्ये दुसऱ्या लीगशी मिळून तीच एनबीए झाली, म्हणजे आजची अमेरिकेतली मुख्य बास्केटबॉल लीग), ती काही बास्केटबॉलवेड्या लोकांनी काढलेली नव्हती, काढली मोठ्या हॉलवाल्यांनी. त्यांच्याकडे आइस हॉकी चालायची, हॉकी नसेल त्या रात्री हॉल रिकामा, मग त्या रात्री भरायला बास्केटबॉल. फिलाडेल्फियात फिलाडेल्फिया अरीना चालवणारे पीटर टिरेल होते, तेच नव्या टीमचे ओनर झाले, आणि कोच म्हणून एडी गॉटलीब आले. म्हणजे हॉल आधी होता, टीम नंतर आली! पहिल्याच सीझनला, 1947 मध्ये, त्यांनी फायनलला शिकागो स्टॅग्सला 4-1 (फायनल एका मॅचची नसते, आधी चार मॅचेस जिंकेल तो चॅम्पियन) हरवून लीगची पहिलीवहिली ट्रॉफी घेतली, जो फुल्क्स नावाचा प्लेअर तेव्हा पॉइंट्सचा पाऊस पाडत होता.

इथे पहिला खड्डा आहे. फिलाडेल्फिया वॉरियर्स नावाची एक टीम 1920 च्या दशकातही होती, वेगळ्या लीगमध्ये. नाव तिच्यावरून घेतलं, क्लब तो नाही. तेव्हा 1946 च्या मागे जाऊ नका, नाव एक असलं म्हणून क्लब एक होत नाही.

पुढे टीम गॉटलीब यांनीच विकत घेतली आणि मॅचेस कन्व्हेन्शन हॉलमध्येही व्हायला लागल्या. 1956 ला दुसरी ट्रॉफी आली, पॉल अ‍ॅरिझिन, नील जॉन्स्टन, टॉम गोला ही मंडळी, समोर फोर्ट वेन पिस्टन्स, परत 4-1. 1959 ला विल्ट चेंबरलेन आला. आणि याच्यामुळे आपल्याला सहावा रकाना काढावा लागतो.

सहावा रकाना म्हणजे "उसनं घर". विल्टने एका मॅचमध्ये 100 पॉइंट्स काढले ते सगळ्यांना माहीत असतं, 2 मार्च 1962, न्यूयॉर्क निक्सच्या विरुद्ध, स्कोअर 169-147. पण कुठे? बरेच जण ठोकून देतात फिलाडेल्फिया. नाही. ती वॉरियर्सची होम मॅचच होती पण खेळली हर्शी गावात, हो तेच चॉकलेटवालं हर्शी, पेनसिल्व्हेनियातलं. त्या काळात क्लब काही होम मॅचेस आजूबाजूच्या गावांत नेऊन खेळायचे, नवे प्रेक्षक मिळायचे. अधिकृत आकडा 4,124 प्रेक्षकांचा आहे आणि टीव्हीवर ती मॅच नव्हतीच. म्हणून "होम" लिहिलेलं दिसलं की हॉलचं नाव स्वतः तपासा, होम म्हणजे रोजचं घर असं समजू नका.

तपासायचं कसं? प्रत्येक मॅचचा बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकड्यांचा तक्ता) बघा, त्यात जागा दिलेली असते. क्लब दरवर्षी मीडिया गाइड (पत्रकारांसाठीची माहितीपुस्तिका) काढतात, त्यात होम हॉलची यादी असते, पण ती यादी साफसूफ केलेली असते, दोन-चार मॅचेसची घरं त्यातून उडालेली असतात, म्हणून ती सांगाडा म्हणून वापरा आणि मांस बॉक्स स्कोअर आणि त्या तारखेच्या जुन्या पेपरांतून भरा. फोटो मिळाला तर फ्लोअरवरची रंगरंगोटी, खुर्च्या, छताला टांगलेले बॅनर बघा, हॉल ओळखायला एवढं पुरतं.

आता 1962. गॉटलीब यांनी टीम 8,50,000 डॉलरला विकली आणि टीम देशाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोला गेली. अशा वेळी वहीत जाड रेघ मारा आणि तीन प्रश्न लिहा: कोण गेलं, कोण मागे राहिलं, आणि रिकाम्या जागेवर कोण आलं. विल्ट गेला. अ‍ॅरिझिन गेलाच नाही, त्याची फिलाडेल्फियात आयबीएममध्ये नोकरी होती, त्याने एनबीए सोडली आणि जवळच्या कॅम्डेनच्या टीमकडून छोट्या लीगमध्ये खेळत राहिला (आजच्या पगारांच्या जमान्यात हे ऐकायला कसलं भारी वाटतं). आणि रिकाम्या फिलाडेल्फियात वर्षभराने, 1963 मध्ये, सिरॅक्यूज नॅशनल्स ही टीम आली आणि तिचं नाव सेव्हन्टीसिक्सर्स, थोडक्यात सिक्सर्स, झालं. म्हणजे फिलाडेल्फियाच्या 1947 आणि 1956 च्या ट्रॉफ्या सिक्सर्सच्या नाहीत, वॉरियर्सच्या. हा घोळ लोक कायम घालतात. त्यात विल्ट जानेवारी 1965 मध्ये ट्रेड होऊन (क्लबांमधल्या प्लेअरच्या सौद्यात) सिक्सर्सकडे परत फिलाडेल्फियात गेला, आणि 1967 च्या फायनलला कोण समोरासमोर? फिलाडेल्फियाची जुनी टीम आणि फिलाडेल्फियाची नवी टीम, विल्ट नव्या बाजूला. वॉरियर्स 4-2 हरले. शहराप्रमाणे वही लावली असती तर या फायनलचं काय करायचं तेच कळलं नसतं.

सॅन फ्रान्सिस्कोची पहिली नऊ वर्षं म्हणजे नुसतं वणवण. मुख्य घर काऊ पॅलेस, 1941 साली उघडलेला, जनावरांची प्रदर्शनं भरवायला बांधलेला सरकारी हॉल, आणि गंमत म्हणजे तो सॅन फ्रान्सिस्कोत नाहीच, डेली सिटीत आहे, शहराच्या हद्दीला लागून. मधल्या काळात सिव्हिक ऑडिटोरियम, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोची जिम, आणि 1966 ला खाडीच्या पलीकडे ओकलंडमध्ये नवा कोरा हॉल उघडल्यावर काही मॅचेस तिथे. अशा वर्षांसाठी एका सीझनला एकच हॉल लिहायचा हट्ट सोडा, सरळ दोन-तीन नावं लिहा.

1971 ला ओकलंडचा हॉल कायमचं घर झाला आणि टीमचं नाव गोल्डन स्टेट. गोल्डन स्टेट हे कॅलिफोर्निया राज्याचं टोपणनाव आहे, शहराचं नाव नाही. त्या सीझनला सहा होम मॅचेस तर पार सॅन डिएगोला खेळल्या, तिथली रॉकेट्स टीम नुकतीच ह्यूस्टनला गेली होती. आता नावात ओकलंड का नाही? माझं मत विचाराल तर ओनरला घर ओकलंडचं हवं होतं पण गिऱ्हाईक अख्ख्या कॅलिफोर्नियाचं. जवळपास पन्नास वर्षं ज्या शहराने टीम सांभाळली त्याचं नाव टीमला एकदाही लागलं नाही, हे मला अजून खटकतं.

मग 1975, आणि इथे मी स्वतः तोंडावर पडलोय म्हणून सांगतो. रिक बॅरीची टीम, अल अ‍ॅटल्स कोच, वॉशिंग्टन बुलेट्सला 4-0 धुतलं. मी बिनधास्त लिहून टाकलं होतं की फायनलच्या होम मॅचेस ओकलंडला झाल्या, घर तेच होतं ना! झाल्या काऊ पॅलेसला. का? ओकलंडचा हॉल आइस फॉलीज नावाच्या बर्फावरच्या शोने आधीच बुक केला होता. टीम फायनलला पोचेल असं कोणाला वाटलंच नव्हतं, आणि भाडेकरूला तारीख कोण राखून ठेवणार. म्हणून सांगत होतो, मालकीचा रकाना सोडू नका. आणि चौथी मॅच लँडोव्हरला, बुलेट्सच्या घरी, तेव्हा ट्रॉफी हातात आली तीही दुसऱ्याच्या हॉलमध्ये.

नंतर बरीच वर्षं घर हलत नाही, तिथे भराभर पुढे जा. फक्त 1996-97 पाशी थांबा. त्या सीझनला सगळ्या होम मॅचेस सॅन होजेला, कारण ओकलंडच्या हॉलचं काम काढलं होतं. बाहेरच्या भिंती आणि छप्पर तसंच ठेवून आतलं सगळं उकरून नवं केलं, 12 कोटी 10 लाख डॉलर खर्च आला, आणि आधी जिथे 15,025 माणसं बसायची तिथे 19,596 बसायला लागली. यातून दोन गोष्टी शिका. एक, प्रेक्षकांचे आकडे ताडून बघताना मधे हॉलचा आकार बदललाय का ते बघा, 1990 चा हाऊसफुल आणि 2010 चा हाऊसफुल एक नाही. दोन, एकाच हॉलमध्ये हॉकीला, कॉन्सर्टला, बास्केटबॉलला आकडे वेगवेगळे असतात, बास्केटबॉलचाच घ्या.

नावांचं पण बघा. ओकलंडचा हॉल आधी ओकलंड-अलामेडा काउंटी कोलिझियम अरीना, 2006 पासून ओरॅकल अरीना, आणि टीम गेल्यावर परत ओकलंड अरीना. बिल्डिंग तीच. वहीत बिल्डिंगला एक नंबर द्या आणि स्पॉन्सरची नावं बाजूला लिहा, नाहीतर एकाचे तीन हॉल होतात. आणि लिहिताना त्या वर्षीचं नाव वापरा, रिक बॅरी ओरॅकलमध्ये खेळला असं लिहिलंत की जाणकार माणूस तिथेच वाचायचं थांबवतो.

ओरॅकलची शेवटची वर्षं सगळ्यांच्या डोळ्यासमोरची आहेत. 2007 ला बाद फेरीत आठव्या नंबरच्या वॉरियर्सनी पहिल्या नंबरच्या डॅलसला 4-2 ने काढलं, मग स्टीफन करीची टीम, 2016 ला सीझनमध्ये 73-9 (73 जिंकल्या, 9 हरल्या) करून फायनलला 3-1 पुढे असताना हरले, आणि सातवी मॅच स्वतःच्याच घरी हरले. 13 जून 2019 ला त्या हॉलमधली वॉरियर्सची शेवटची मॅच, क्ले थॉम्पसनचा गुडघा गेला आणि टोरोंटोने तिथेच ट्रॉफी उचलली. घराचा असा निरोप कोणाला मिळू नये.

जायचं कशाला हे कळायला परत मालकीचा रकाना बघा. जो लेकब आणि पीटर गुबर यांनी 2010 ला टीम 45 कोटी डॉलरला घेतली, आणि त्यांना भाड्याचं नाही, स्वतःचं घर हवं होतं. आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यांवर बांधायचा प्लॅन होता तो बारगळला, मग मिशन बे भागात जमीन घेऊन खासगी पैशातून चेस सेंटर बांधलं, सप्टेंबर 2019 ला उघडलं. बसायची सोय 18,064, म्हणजे नवं घर जुन्यापेक्षा लहान! आता पैसा नुसत्या डोक्यांच्या संख्येवर नाही, महागड्या सीट, सूट (खासगी बॉक्स) आणि मॅच नसलेल्या बाकीच्या दिवसांवर आहे. मागे ओकलंडच्या त्या नूतनीकरणाचं कर्ज फिटायचं राहिलं होतं, ते कोणी भरायचं यावर भांडण कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी वॉरियर्सच्या गळ्यात पडलं. नव्या घरातला पहिला सीझन 15-50, लीगमध्ये सगळ्यात वाईट.

एवढं सगळं भरून झालं की मगच ट्रॉफ्या घ्या आणि प्रत्येकीपुढे ती जिंकली तो हॉल कोणाचा होता ते लिहा. सात ट्रॉफ्या आहेत: 1947, 1956, 1975, 2015, 2017, 2018, 2022. पहिल्या दोन फिलाडेल्फियात, घरच्या लोकांपुढे. 1975 लँडोव्हर, 2015 आणि 2018 क्लीव्हलँड, 2022 बॉस्टन. कॅलिफोर्नियात आल्यापासून घरच्या हॉलमध्ये शेवटची मॅच जिंकून ट्रॉफी उचलली ती एकदाच, 2017 ला, आणि ती ओकलंडमध्ये.

जाता जाता त्यांचा लोगोही बघा. गोलात एक पूल आहे, लोक त्याला सॅन फ्रान्सिस्कोचा प्रसिद्ध गोल्डन गेट पूल समजतात. साठच्या दशकातल्या जर्सीवर तो होता खरा. पण 2010 पासूनच्या लोगोवर आहे तो बे ब्रिजचा (सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड जोडणारा पूल) पूर्वेकडचा नवा भाग, आणि तो जाऊन टेकतो ओकलंडला.