आधी फेरी मोजा: हेरगिरीच्या गेममध्ये या चुका टाळा

चवथीच्या सुट्टीत बहीण आणि भाचा फोंड्याला आमच्याकडे आले होते. भाच्यानं लॅपटॉपवर 'स्प्लिंटर सेल' लावला, पंधरा मिनिटांत सात वेळा मेला आणि म्हणाला, "मामा, बोअर आहे हा गेम. नुसतं अंधारात बसायचं." मी शेजारी बसून बघत होतो. पठ्ठ्या प्रत्येक दाराकडे धावत जात होता आणि भर दिव्याखाली उभा राहून नेम धरत होता. गेमचा नायक, गुप्तहेर सॅम फिशर याला मोजक्याच गोळ्या का दिल्यात, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

सगळ्यात मोठी चूक हीच: बंदूक दिसली की चालवायची. नव्या जागेत शिरलात की पहिली दोन मिनिटं काही करू नका. पहारेकरी कुठून कुठे जातो, कुठे थांबतो, वळायला किती वेळ घेतो, दिव्याचं बटण कुठल्या भिंतीवर आहे, एवढंच बघा. दोन फेऱ्या मोजल्यात की तिसऱ्या फेरीत तो कुठे असेल ते त्याच्याआधी तुम्हाला कळतं. त्याच्या पाठीमागून दोन हातांवरून निसटताना पोटात जो गोळा येतो, त्यासाठीच तर हे गेम खेळायचे.

हे शहाणपण मला उशिरा आलं. 2000 च्या डिसेंबरात 'प्रोजेक्ट आयजीआय' आला आणि पुढची काही वर्षं आम्ही पोरं सायबर कॅफेत त्यावरच पडीक होतो. त्यातल्या नायकाकडे, डेव्हिड जोन्सकडे, दुर्बीण होती, उपग्रहाचा नकाशा होता. कॅमेरे कॉम्प्युटरवरून बंद करता यायचे. आम्ही मात्र थेट आत घुसायचो. अलार्म वाजला की बराकीतून सैनिक बाहेर पडायचे, आणि मिशनच्या मधे सेव्ह करायची सोयच नव्हती. अर्धा तास रांगत जाऊन शेवटच्या मनोऱ्यावरून गोळी आली की पुन्हा श्रीगणेशा. कॅफेवाल्याचं मीटर चालूच.

दुसरी चूक कानांची. लॅपटॉपचा फुसका स्पीकर, वर घरघरणारा पंखा, बाहेर पत्र्यावर पाऊस. यात पावलं ऐकू येणार कशी? साधे का होईना, दोन्ही कानांचे हेडफोन लावा. पहारेकरी डावीकडे की उजवीकडे हेच कळत नसेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये 'हेडफोन' निवडलंय ना ते बघा आणि विंडोजमध्ये चुकून मोनो (दोन्ही कानांत एकच) आवाज चालू राहिला नाही ना, तेही तपासा. 1998 च्या 'थीफ'मध्ये गालिच्यावर पाय वाजत नाही, फरशीवर आणि पत्र्यावर टणटण वाजतो. म्हणून शेवाळाचे बाण मारून वाट मऊ करून घ्यायची. 'स्प्लिंटर सेल'च्या 2005 च्या 'केऑस थिअरी' या भागानं तर आवाजाचं मापकच दिलं: भोवतालचा आवाज किती आणि तुमचा किती. भोवती जनरेटर धडधडत असेल तर तुम्ही थोडं बिनधास्त चाललात तरी चालतं. लहानपणी सकाळी दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की तेवढ्यात आम्ही फडताळाचं करकरणारं दार उघडायचो, तीच ही युक्ती.

खिडकीतून ऊन येतं म्हणून ब्राइटनेस शेवटपर्यंत चढवू नका. सावल्या राखाडी होतात आणि आपण लपलोय की नाही, याचा अंदाज चुकतो. पडदा ओढा आणि डोळ्यांपेक्षा स्क्रीनवरच्या प्रकाशमापकावर विश्वास ठेवा. 'स्प्लिंटर सेल'चे जुने भाग नव्या ग्राफिक्स कार्डावर चालवताना काही सावल्या आणि प्रकाशझोत उमटतच नाहीत. अंधार कुठे आहे हेच दिसलं नाही तर खेळायचं काय? 'डीजीवूडू' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्यावरचा नेहमीचा उतारा आहे.

लक्ष वळवायला बाटली फेकतानाही घोळ होतात. बहुतेक जण ती स्वतःच्या जवळच टाकतात आणि पहारेकऱ्याला आमंत्रण देतात. ती त्याच्या पलीकडे पडली पाहिजे, म्हणजे तो पाठ फिरवेल. खऱ्या जगातला याचा नमुना आमच्या मुरगाव बंदरातच सापडतो. मार्च 1943 मध्ये तिथे 'एरेनफेल्स' हे जर्मन जहाज नांगरलेलं होतं आणि मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर तिथून बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना जाते, असा इंग्रजांना संशय होता. गोवा पोर्तुगिजांचा आणि पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे उघड हल्ला शक्य नव्हता. मग कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळाची बरीचशी मध्यमवयीन, नोकरी-धंद्यातली मंडळी 'फीबी' नावाच्या बार्जमधून आली. त्या रात्री खलाशी किनाऱ्यावर मौजमजेत गुंतून राहतील अशी तजवीज आधीच झाली होती. जहाज बुडालं आणि गुपित 1978 पर्यंत टिकलं. बाटली अशी फेकावी.

वेषांतराचं थोडक्यात. लग्नघरात हातात परात घेऊन लगबगीनं चालणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण खुद्द आचारी ओळखतोच. 'हिटमॅन'च्या नव्या भागांत अशा ओळखणाऱ्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. 2018 च्या भागात मुंबई आहे. त्या गर्दीत हा ठिपका न बघता चालाल तर फसाल.

आणि दिसलात की लगेच जुना सेव्ह पुन्हा लोड करू नका. 1998 च्या 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये पहारेकरी बर्फातल्या पावलांच्या ठशांवरून माग काढतात, गलका होतो. पण लपून राहिलात तर काही वेळानं ते आपल्या जागी परततात. ती पळापळ गाळली तर निम्मी गंमत गेली. सेव्ह मात्र दोन-तीन वेगवेगळ्या जागी ठेवा. भाच्यानं एकाच जागी सेव्ह केलं, तेही पहारेकरी त्याच्याकडे वळत असताना. मग लोड करा, मरा, लोड करा, मरा, असं सात-आठ वेळा झालं.

परतायच्या आदल्या रात्री तो हेडफोन लावून बसला होता. स्क्रीनवर एक टेबल, टेबलाखाली सॅम फिशर, आणि चार मिनिटं काहीच हलत नव्हतं. बहिणीनं विचारलं, "अरे, अडकला का तो गेम?" त्यानं मान न वळवता फक्त बोट वर केलं. "थांब गं आई. फेरी मोजतोय."