रेंज फुल, तरी नेट अडतंय? ऑफिसच्या वायफायमधल्या या चुका टाळा

ऑफिसमध्ये वायफायची तक्रार येते ती बहुतेक वेळा अशी: "रेंज फुल आहे, पण चालत नाही." त्यावरचा उपायही ठरलेला असतो. आणखी एक ॲक्सेस पॉइंट लावून टाका! पुष्कळदा त्यानंतर तक्रारी वाढतात.

ॲक्सेस पॉइंट हा लॅनची (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कची) वायर आणि हवेतल्या रेडिओलहरी यांच्यामधला पूल आहे. इंटरनेट तो आणत नाही, आयपी ॲड्रेसही (नेटवर्कवरचा प्रत्येक उपकरणाचा पत्ता) सहसा तो वाटत नाही. ती राउटरची कामं. वायरवर स्विच (नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा) प्रत्येक पोर्टला स्वतंत्र वाट देतो, हवेत मात्र वाट सगळ्यांची एकच. एका चॅनलवर (रेडिओलहरींच्या एका पट्ट्यावर) साधारणपणे एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकत थांबायचं. जवळचा दुसरा ॲक्सेस पॉइंट त्याच चॅनलवर असेल, तर त्याचं बोलणं संपेपर्यंतही थांबायचं. मोबाइलवरच्या दांड्या फक्त आवाज किती मोठा येतोय ते दाखवतात, आपली पाळी कधी येणार ते नाही. वायफाय ६ मध्ये एका चॅनलचे बारीक भाग पाडून अनेकांना एकदम वाटता येतात, त्याने गर्दीत फरक पडतो. पण हवा सामायिकच राहते.

पॉवर फुल करून ठेवणं

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक ही. ॲक्सेस पॉइंटची पॉवर पूर्ण वाढवली की त्याचा आवाज लांबपर्यंत पोहोचतो, पण मोबाइलचा रेडिओ तेवढा दमदार नसतो. म्हणजे मोबाइलला ॲक्सेस पॉइंट स्वच्छ ऐकू येतो आणि ॲक्सेस पॉइंटला मोबाइल धड ऐकू येत नाही. डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, वेग खाली येतो आणि त्या एका मोबाइलच्या संथपणात सगळ्यांचा वेळ जातो.

दुसरा परिणाम चालताना कळतो. रिसेप्शनपासून मीटिंग रूमपर्यंत गेलात, डोक्यावर नवा ॲक्सेस पॉइंट आहे, तरी मोबाइल जुन्यालाच चिकटून असतो. कारण कधी बदलायचं, हा निर्णय मोबाइलचा असतो. ८०२.११ के, व्ही आणि आर ही वायफायची मानकं त्याला मदत करतात, सक्ती करत नाहीत. जुना सिग्नल अजून जोरात असेल तर तो कशाला सोडेल?

म्हणून पॉवर मध्यम ठेवा, आणि वायफायच्या दोन बँडपैकी २.४ गिगाहर्ट्झची ५ गिगाहर्ट्झपेक्षा कमी. ॲक्सेस पॉइंट दाटीने बसवले असतील तर काहींवर २.४ बंदच करा. १ आणि २ एमबीपीएससारखे जुने वेग बंद केले तर लांबचा मोबाइल वेळेवर सुटतो. मात्र त्याआधी एखादा जुना स्कॅनर किंवा प्रिंटर त्याच वेगांवर अवलंबून नाही ना, ते बघा. टेबलावर उणे ६७ डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास सिग्नल मिळाला तर कॉलसाठी तो चांगला समजतात.

चॅनल

२.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. ३ किंवा ४ रिकामा दिसतो म्हणून निवडणं वाईट. १ आणि ६ दोन्हींवरची बडबड तुमच्यावर येते, आणि ती नीट समजत नसल्याने पाळीपाळीने बोलणंही जमत नाही. ५ मध्ये जागा भरपूर असते, तिथे चूक रुंदीची होते. ८० मेगाहर्ट्झ रुंदीने स्पीड टेस्ट सुंदर येते, पण वापरायला वेगळे चॅनल थोडेच उरतात. बरेच ॲक्सेस पॉइंट असलेल्या ऑफिसला २० किंवा ४० पुरे.

नावांची भरमार

अकाउंट्सच्या वायफायचं नाव वेगळं, सेल्सचं वेगळं, पाहुण्यांचं वेगळं. प्रत्येक नावासाठी ॲक्सेस पॉइंट सेकंदाला सुमारे १० वेळा "मी इथे आहे" अशी घोषणा करतो, तीही संथ वेगाने. सहा नावं, आणि एकाच चॅनलवर ऐकू येणारे चार ॲक्सेस पॉइंट, म्हणजे कुणी काहीही पाठवण्याआधीच सेकंदाला २३० हून जास्त घोषणा! तीन नावांवर थांबा. विभाग वेगळे ठेवायचेच असतील तर कर्मचाऱ्यांना स्वतंत्र लॉगिन द्या आणि त्यावरून व्हीलॅन (एकाच वायरीवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) ठरू द्या. यात आणखी एक मोठा फायदा आहे. कुणी नोकरी सोडली की एक लॉगिन बंद करायचं, सगळ्या ऑफिसचा पासवर्ड बदलत बसायचं नाही. पाहुण्यांचं नेटवर्क मात्र वेगळ्या व्हीलॅनवर हवंच. तिथून बिलिंगचा सर्व्हर दिसत असेल तर ते आजच थांबवा.

मागची वायर

गिगाबिट वेगासाठी (१००० एमबीपीएस) केबलच्या चारही जोड्या लागतात. एक जोडी नीट क्रिंप झाली नाही (कनेक्टरमध्ये घट्ट बसली नाही) की लिंक बरेचदा १०० एमबीपीएसवर येते आणि सगळे वायफायला दोष देतात. स्विचच्या पोर्टवर लिंकचा वेग बघायला मिनिट लागत नाही. तिथेच पीओईही (नेटवर्कच्या वायरीतूनच मिळणारी वीज) तपासा. ८०२.३ एएफ प्रकारचा पोर्ट १५.४ वॉट देतो, एटी प्रकारचा ३० वॉट. नव्या ॲक्सेस पॉइंटला ३० चा पोर्ट हवा असेल आणि १५.४ चाच मिळाला, तर काही मॉडेल गुपचूप एखादा रेडिओ बंद ठेवतात.

जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडलाय? मग त्याचं डीएचसीपी (आपोआप ॲड्रेस वाटण्याची सोय) बंद करा, नाहीतर तो आणि मुख्य राउटर दोघंही ॲड्रेस वाटत बसतात. पाहुण्यांच्या नेटवर्कवर २५४ ॲड्रेस आणि २४ तासांची लीज (एकाला दिलेला ॲड्रेस राखून ठेवण्याची मुदत) असेल, तर वर्दळीच्या जागी दुपारपर्यंत ॲड्रेस संपतात. मोबाइल "कनेक्टेड" दाखवतो, नेट नाही. लीज एक-दोन तासांवर आणा.

तक्रार आली की आधी लॅपटॉप त्याच स्विचला वायरने जोडून बघा. तिथेही नेट अडत असेल तर ॲक्सेस पॉइंटला हात लावू नका. वायरवर ठीक असेल तर मग चॅनल आणि पॉवर बघा. एका वेळी एकच बदल करा, लिहून ठेवा. आणि चाचणी सुट्टीच्या दिवशी रिकाम्या ऑफिसात नको. सगळे जागेवर असताना व्हिडिओ कॉल लावा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. आवाज जिथे तुटेल, ती जागा नकाशावर खूण करून ठेवा.